भांडण दुसऱ्यांचं, मग आपण का पडायचं?

आम्ही बचत गटाचं काम करणाऱ्या बाया. आमच्या मासिक बैठकीत हप्ते भरून झाले की थोडा वेळ बातम्यांवर गप्पा होतात. मागच्या वेळी एकीनं विचारलं, "भांडण दोघांचं असतं, मग तिसरा देश त्यात कशाला उतरतो?" प्रश्न साधा होता, पण उत्तर कुणालाच नीट देता येईना. म्हणून आम्ही पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकेची गोष्ट वाचून काढली. तीच आज तुम्हाला सांगतो.

1914 मध्ये युरोपात युद्ध पेटलं. एका बाजूला इंग्लंड, फ्रान्स, रशिया आणि दुसऱ्या बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया. अमेरिकेनं जाहीर केलं, आम्ही तटस्थ. अध्यक्ष होते वुड्रो विल्सन. 1916 ची निवडणूक त्यांनी जिंकली, तेव्हा 'यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं' हाच प्रचार होता. आणि पुढच्याच एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. असं काय झालं?

पहिलं कारण समुद्रातलं. जर्मनीच्या पाणबुड्या इंग्लंडकडे जाणारी जहाजं बुडवत होत्या. मे 1915 मध्ये 'लुसिटानिया' हे इंग्रजांचं प्रवासी जहाज बुडालं. जवळजवळ 1,200 माणसं गेली, त्यात शंभराहून जास्त अमेरिकन होते. अमेरिकेनं खडसावल्यावर जर्मनीनं हात आखडता घेतला. पण 1 फेब्रुवारी 1917 पासून कुठल्याही देशाचं जहाज बुडवायला पुन्हा सुरुवात केली.

दुसरं कारण एक तार. जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्यानं मेक्सिकोला गुप्त निरोप धाडला: अमेरिकेशी युद्ध झालंच तर आमच्या बाजूनं या, तुमचा गेलेला टेक्सास वगैरे मुलूख परत मिळवायला मदत करू. ती तार इंग्रजांच्या हाती लागली, वर्तमानपत्रांत छापून आली आणि अमेरिकेत संताप उसळला.

तिसरं कारण मात्र आपल्या वहीतलं आहे. अमेरिका दोन्ही बाजूंना माल विकू शकत होती. पण इंग्रजी आरमारानं जर्मनीची वाट अडवलेली, म्हणून सगळा माल जायचा इंग्लंड-फ्रान्सकडे. त्यांचे पैसे संपले, तेव्हा अमेरिकेतल्या बँकांनी कर्जं दिली. 1917 पर्यंत हा आकडा दोन अब्ज डॉलरच्या वर गेला. जर्मनीला दिलेलं कर्ज त्यापुढे चिमूटभर. मैत्रिणींनो, गटात एकाच बाईला सगळा पैसा दिला, तर तिचं बुडणं म्हणजे आपलंच बुडणं. मग आपण तिच्या भांडणात तटस्थ राहतो का? कर्जासाठीच अमेरिका लढली, असं आम्ही म्हणत नाही. पण तोंडानं तटस्थ असली, तरी वही कधीच एका बाजूला झुकली होती.

6 एप्रिल 1917 ला प्रतिनिधीगृहात मतदान झालं. 373 मतं युद्धाच्या बाजूनं, 50 विरोधात. त्या पन्नासात एक बाई होती, जेनेट रँकिन. अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेली पहिली स्त्री. तिला येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. देशाच्या पाठीशी मी आहे, पण युद्धाला मत देऊ शकत नाही, असं ती म्हणाली. पुढच्या वर्षी सिनेटची निवडणूक ती हरली.

परिणाम काय झाले? अमेरिकेचे सुमारे वीस लाख सैनिक फ्रान्सला पोचले, थकलेल्या इंग्लंड-फ्रान्सला बळ आलं आणि नोव्हेंबर 1918 मध्ये युद्ध थांबलं. अमेरिकेचे एक लाखाहून जास्त सैनिक गेले, त्यातले निम्म्याहून अधिक रोगानं. युद्धाविरुद्ध बोलणाऱ्यांना तुरुंगात टाकलं गेलं, त्यात बायकाही होत्या. पुरुष लढायला गेले तेव्हा बायकांनी कारखाने सांभाळले. पुरुष परतल्यावर अनेकींना घरी पाठवलं. पण 1920 मध्ये देशभरातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. तो वर्षानुवर्षांच्या लढ्यानं मिळाला, युद्धातल्या कामानं त्याला जोर आला. आणि ते कर्ज? एकेका देशानं हप्ते थांबवले, बरीचशी वसुली झालीच नाही.

आपल्याला तर कुणी विचारलंच नव्हतं. इंग्रजांनी युद्ध पुकारलं आणि हिंदुस्थान आपोआप त्यात ओढला गेला. दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. 1918 मध्ये इन्फ्लुएंझाची साथ जहाजांतून मुंबईला उतरली आणि देशभर पसरली. एक कोटीहून जास्त लोक गेले. छावण्या आणि जहाजांच्या गर्दीत रोग वाढला, आणि मेल्या त्या बंदूक कधी न पाहिलेल्या लेकुरवाळ्या.

जेनेट रँकिन 1941 मध्ये पुन्हा संसदेत होती. जपाननं हल्ला केल्यावर युद्धाचा ठराव आला, तेव्हा विरोधात एकच मत पडलं. तिचं. पुढे गांधीजींचा मार्ग समजून घ्यायला ती अनेकदा भारतात येऊन गेली. तिचं बरोबर की चूक, यावर आमच्या बैठकीत दोन तट पडले. पण एका गोष्टीवर एकमत झालं. देश युद्धात एका दिवसात उतरत नाही. कुणाला काय विकलं, कुणाला किती उधार दिलं, कुणाची वाट अडवली तेव्हा आपण गप्प राहिलो, यातून तो हळूहळू उतरत जातो. म्हणून हात वर करायची वेळ येण्याआधीच वही उघडून बघावी.