चाचणी आधी, सक्ती नंतर



ॲपची चाचणी हा अभियंत्यांनी आपल्या कार्यालयात पाहून घेण्याचा विषय आहे, अशी आपली समजूत होती. परंतु 15 ऑगस्ट 2021 रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि तलाठ्याने करावयाची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या फोनवर आली. 2025 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवरील नोंदणी सक्तीची केली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. हिंगणघाट किंवा आर्वीच्या शेतकऱ्याला तो मिळणार की नाही, हे पडद्यावरचे एक बटण दिसण्या-न दिसण्यावर येऊन ठेपले.

ते बटण का दिसत नाही? फोनाफोनांत पडद्याची लांबी-रुंदी वेगळी, अँड्रॉइडची आवृत्ती वेगळी. नजर अधू झालेला माणूस अक्षरे मोठी करून ठेवतो. मग ‘पुढे’ हे बटण पडद्याखाली निसटते, नाहीतर कळफलकाआड दडते. इंग्रजी शब्दाच्या मापाने आखलेल्या चौकटीत मराठी शब्द अर्धाच मावतो. संगणकावर आभासी फोन उभे करून निरनिराळे आकार तपासता येतात, आणि ते अवश्य तपासावेत. पण भर दुपारचे ऊन, भरून गेलेली मेमरी आणि शिवारात हरवलेली रेंज तेथे कळत नाही. त्यासाठी खरा, जुना, वापरलेला फोन घेऊन बांधावरच जावे लागते.

ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत केले. फोनची मेमरी अपुरी होती आणि पोषण ट्रॅकरमधील मजकूर इंग्रजीत होता. त्या भगिनींना तंत्रज्ञान झेपत नाही, असे म्हणणारे महाभाग तेव्हाही निघाले! वस्तुतः राज्यातली सर्वांत मोठी चाचणी त्यांनीच केली होती, तीही बिनपगारी.

वर्धेकरांना तरी हे नवे वाटू नये. 1929 मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. अटी अशा की, स्त्रीला तो फार श्रम न होता आठ तास चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी आणि यंत्र वीस वर्षे टिकावे. वापरणारी व्यक्ती आधी ठरली होती, यंत्र तिच्या मापाने घडवावयाचे होते. अटींना कोणी उतरले नाही, म्हणून बक्षीस दिले गेले नाही. अटी मात्र सैल झाल्या नाहीत.

आपली मागणी एवढीच असावी: कोणतेही ॲप सक्तीचे करण्यापूर्वी गावातल्या सर्वांत स्वस्त फोनवर, ग्रामसभेसमोर ते चालवून दाखवावे, आणि तोवर कागदावरचा अर्ज स्वीकारावा. कार्यकर्त्यांनी तक्रार नोंदवताना ‘ॲप चालत नाही’ एवढेच लिहू नये. फोन कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, अक्षरे किती मोठी केली होती आणि कोणत्या पायरीवर अडले, हे लिहून पडद्याचे छायाचित्र जोडावे. अशा पन्नास तक्रारी घेऊन तहसील कार्यालयात गेलो, तर ‘तुमचाच फोन जुना’ हे उत्तर तेथे सहजासहजी देता येणार नाही.