गडावर नेण्याजोगा स्टोव्ह

रत्नागिरीच्या खेड तालुक्यातले महिपतगड, सुमारगड आणि रसाळगड एका दमात करणारे ट्रेकर दोन-तीन दिवसांचा शिधा पाठीवर घेऊनच निघतात. रसाळगडावर झोलाई देवीच्या देवळाशी मुक्काम पडतो. पूर्वी तिथे तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या की खिचडी व्हायची. पण होळीच्या सुमारास डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी उडाली की वणवा खालच्या आंबा-काजूच्या बागेत शिरतो आणि पंधरा-वीस वर्षं जोपासलेली कलमं होरपळतात. तेव्हा स्टोव्ह हवाच. कोणता, एवढंच ठरवायचं.

स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ साली बनवलेला प्रायमस, म्हणजे आपला पंपाचा स्टोव्ह. हिमालयातल्या मोहिमांनी त्याच्यावर भिस्त ठेवली. पण पितळी स्टोव्ह, रॉकेलची बाटली, पिना असं ओझं किलोभराच्या पुढे जातं, आणि रॉकेल सांडलं तर तांदळालाही वास लागतो. स्पिरिटचा दिवा वजनाला नगण्य; मात्र तेवढ्याच वजनाच्या गॅसपेक्षा स्पिरिट जेमतेम निम्मी-पाऊण उष्णता देतं. शिवाय त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. वाळक्या गवतात हे फार धोक्याचं!

कोकणासाठी उत्तम तो छोट्या गॅसच्या डब्यावर बसणारा बर्नर. शंभर ग्रॅमच्या आसपासचा बर्नर खिशात मावतो. शून्य अंशाजवळ डब्यातल्या ब्यूटेनची वाफ होईनाशी होते, पण ती अडचण लडाखात, रत्नागिरीत नव्हे.

इथला खरा शत्रू वारा. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि आडोसा केला, तर लिटरभर पाण्याला साधारण बारा ते पंधरा ग्रॅम गॅस पुरतो. आडोशाचे दगड वाऱ्याच्या बाजूलाच लावावेत. चहूबाजूंनी कोंडलं तर डबा तापून फुटू शकतो. तंबूत तर स्टोव्ह पेटवूच नये, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. तांदूळ-मुगाची डाळ अर्धा तास भिजवून, एक दणदणीत उकळी आणून पातेलं चादरीत गुंडाळलं की खिचडी आपोआप शिजते आणि गॅस वाचतो.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक सूचना. गाडीच्या डब्यात गॅस, रॉकेल किंवा स्पिरिट नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

निघण्याआधी घरच्या अंगणात स्टोव्ह एकदा चालवून, किती गॅस जळला ते काट्यावर तोलून पाहा. आणि रिकामा डबा गडावर टाकू नका, खाली घेऊन या.