रानची अळमी : ओळखीची तेवढीच खावीत

(सत्तरी तालुक्यातील ग्रामस्थ, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या पावसाळी मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आषाढातील दमदार सरी पडून गेल्या आणि मध्येच एखादा दिवस ऊन पडले, की आपल्याकडे घरोघरी एकच चौकशी सुरू होते : अळमी आली का? पहाटे अंधारात विजेरी घेऊन माणसे रानाची वाट धरतात. कोणत्या वारुळापाशी, कोणत्या पंधरवड्यात अळमी उगवतात, हे ज्याला ठाऊक असते तो ते सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगत नाही. पुढे श्रावणात मासळी वर्ज्य असते, तेव्हा अळम्यांच्या शाकुतीने ती उणीव भरून निघते. अशा आवडत्या वस्तूविषयी सावधगिरीचे चार शब्द सांगणे हे जेवणाच्या पंक्तीत वैद्याने बोलण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. त्यातून मी कला शाखेचा पदवीधर; वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरता आणि जाणत्यांना प्रश्न विचारण्यापुरता. तरीही हा विषय प्रसिद्धी खात्याच्या कक्षेत येतो, कारण अळम्यांच्या बाबतीत जीव जातो तो बहुधा चुकीच्या माहितीमुळेच जातो.

प्रथम आपल्या अळम्यांची कुळकथा ऐका, कारण ओळखीचे सारे मर्म तिच्यात आहे. रोयणीवर, म्हणजे वारुळावर, येणारी अळमी ही वाळवीने केलेली शेती आहे. वाळवीच्या काही जाती सुका पालापाचोळा आणि कुजके लाकूड वारुळात नेतात, ते चघळून त्यापासून स्पंजासारखे पोळे रचतात आणि त्या पोळ्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवितात. लाकडातील जो भाग वाळवीला स्वतःला सहजी पचत नाही, तो ही बुरशी पचनाजोगा करून देते. वाळवी त्या बुरशीचे बारीक पांढरे कण खाते. पावसाळ्यात जमिनीत पुरेशी ओल आली की ही बुरशी पोळ्यापासून वर वाढत माती फोडून बाहेर येते आणि छत्र उघडते. आपण खातो ते हे छत्र. रोजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या कुळाला ‘टर्मिटोमायसिस’ असे नाव दिले. वाळवीवाचून या अळम्यांची व्यापारी लागवड अद्याप माणसाला साधलेली नाही. शहरात बारमाही मिळणारी पांढरी बटणासारखी अळमी निराळी. ती कारखान्यासारख्या खोल्यांतून पिकवितात.

आपल्या पूर्वजांनी वारुळाला हात लावू नये असे ठरविले, त्याचे मला नेहमी कौतुक वाटते. सातेरी देवी आपल्याकडे वारुळाच्या रूपाने पुजली जाते. ज्या रोयणीत देवीचा वास, ती कुदळीने फोडायची कोण छाती करणार? वारूळ राहिले, पोळे राहिले, म्हणून पुढल्या वर्षीही अळमी आली. हल्ली मात्र देठ मुळापर्यंत मिळावा म्हणून लोखंडी कांबीने वारूळ उकरणारे लोक दिसतात. कोंबडीच कापून अंडी शोधण्याचा हा प्रकार आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या आजी-पणज्यांना अळम्यांची ‘परीक्षा’ येत नव्हती. त्यांना अळम्यांची ओळख होती. या दोहोंत महदंतर आहे. परीक्षा म्हणजे कोणतेही अनोळखी छत्र आणावे आणि काही युक्तीने ते विषारी की बिनविषारी हे ठरवावे. अशी घरगुती युक्ती जगात कोठेही अस्तित्वात नाही. भांड्यात चांदीचे नाणे टाकावे, ते काळे पडले नाही तर अळमी चांगली; लसूण किंवा तांदूळ बरोबर शिजवून रंग पाहावा; किड्याने वा गोगलगाईने कुरतडलेले अळमे निर्धोक समजावे; भडक रंगाचे तेवढे टाळावे; मीठ-हळद लावून उकळले की विष उतरते — या साऱ्या समजुती निखालस चुकीच्या आहेत. सर्वांत घातक जातींपैकी काही छत्रे शुभ्र पांढरी, दिसायला गोजिरवाणी आणि खाणाऱ्यांच्या सांगण्यानुसार चवीलाही बरी असतात. त्यांतील विष शिजवून, तळून वा वाळवून नष्ट होत नाही. गोगलगाईला ते बाधत नाही म्हणून आपल्याला बाधणार नाही, असे मानण्यास काडीचाही आधार नाही.

ओळख ही वेगळी गोष्ट. अमुक वारूळ, अमुक दिवस, अमुक प्रकारचे टोक असलेले छत्र, आणि ते वर्षानुवर्षे खात आलेला माणूस शेजारी उभा : या चारही गोष्टी जुळल्या म्हणजे ओळख. ही ओळख माणसाबरोबर दूर देशी नेता येत नाही. आग्नेय आशियातून अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात गेलेल्या काही कुटुंबांनी आपल्या गावच्या पेंढ्यावरील अळम्यांसारखी दिसणारी छत्रे रानातून आणून खाल्ली; ती ‘अमानिटा’ कुळातील प्राणघातक जात निघाली. आपल्याच देशात एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामातील चहामळ्यांच्या भागात रानची छत्रे खाऊन अनेक कुटुंबे आजारी पडली आणि दिब्रुगडच्या आसाम वैद्यकीय महाविद्यालयात १३ जण दगावले. पोट भरण्यासाठी रानातून काहीबाही वेचणारी ही माणसे होती. आपल्या तालुक्यातही बागायतींवर आणि बांधकामांवर परजिल्ह्यांतून, परराज्यांतून मजूर येतात. त्यांच्या मुलखातही अळंबी खातात, कोठे त्यांना सात्या म्हणतात, कोठे टेकोडे म्हणतात. येथे तसलेच काही दिसले की ते उचलतात. त्यांना वेळीच सावध करणे हे ज्यांच्या आवारात ते राहतात त्यांचे काम आहे, आणि याबाबतीत आपण पुरेसे लक्ष देत नाही असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

रोयणीच्या मोठ्या अळम्यांच्या छत्राला मधोमध बहुधा टोकदार उंचवटा असतो. देठ जमिनीत शिरून मुळासारखा निमुळता होत थेट पोळ्यापर्यंत जातो. म्हणून निदान एक अळमे चाकूने वरच्या वर न कापता हलकेच पिळून उपटावे आणि बूड पाहावे. बुडाशी फुगीर गाठ आणि तिच्याभोवती अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पिशवी दिसली, तर ते तेथेच टाकावे. हे अमानिटा कुळाचे लक्षण आहे, आणि देठ वरून कापला की नेमका हाच पुरावा मातीत राहतो. देठावरील कड्यावरून मात्र निर्णय करू नये, कारण वारुळाच्या काही अळम्यांनाही कडे असते. वारुळाजवळ उगवले एवढ्यानेही भागत नाही, कारण शेजारी दुसरे काहीही उगवू शकते. भाताच्या शितांसारखी जी बारीक अळमी जमिनीवर दाटीने येतात, त्यांना हा लांब देठ नसतो. ती जाणत्याशिवाय कोणीच आणू नयेत.

शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असे एक छत्र आहे. पावसानंतर शाळेच्या मैदानावर, हिरवळीवर, गुरांच्या चरणीच्या जागी मोठे पांढरे, माथ्यावर तपकिरी खवले असलेले छत्र उगवते. कोवळेपणी छत्राखालच्या पडद्या पांढऱ्या असतात, पुढे त्या हिरवट होतात. याने तासा-दोन तासांत जोराच्या वांत्या व जुलाब सुरू होतात; लहान मुलाच्या अंगातील पाणी त्यामुळे झपाट्याने कमी होते. छत्र पांढऱ्या कागदावर पालथे घालून, वर वाडगा झाकून रात्रभर ठेवले तर बीजाणूंचा ठसा उमटतो. या छत्राचा ठसा हिरवट, वारुळाच्या अळम्यांचा फिकट गुलाबीसर. वर्गात दाखविण्यास हा प्रयोग सुरेख आहे. मात्र ठसा हिरवा नाही म्हणजे अळमे खाण्याजोगे, असा उलटा अर्थ कोणी काढू नये; घातक अमानिटाचा ठसा पांढरा असतो.

आणि काळाचे गणित नीट लक्षात ठेवा. लवकर उलटी झाली तर माणूस घाबरून दवाखान्यात जातो. अमानिटाच्या विषाचे तसे नाही. खाल्ल्यानंतर सहा तास, कधी बारा तास, काहीच होत नाही. रात्री जेवलेला माणूस पहाटे वांती-जुलाबाने उठतो आणि दुपारी खाल्लेल्या कशालातरी दोष देतो. दुसऱ्या दिवशी त्याला बरे वाटू लागते, घरचे निःश्वास टाकतात; त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून अळमी खाल्ल्यावर पोट बिघडले, मग ते कितीही तासांनी असो, की १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. मिठाचे पाणी पाजून वांती करविण्याचा प्रयत्न करू नये. त्याने दुसरेच संकट ओढवते. ज्या ज्या माणसांनी त्या पंक्तीत अळमी खाल्ली त्या सर्वांनी, तब्येत ठीक असली तरी, डॉक्टरांना दाखवावे. उरलेली कच्ची अळमी कागदात गुंडाळून आणि शिजलेली भाजी डब्यात घालून बरोबर न्यावी. सांगायला लाजू नये. कित्येक वेळा रुग्ण ‘पोट बिघडले’ एवढेच सांगतो आणि मौल्यवान वेळ जातो. जाता जाता आणखी एक : काही जातींची छत्रे एरवी अपाय करीत नाहीत, परंतु त्यांवर मद्य घेतले की चेहरा लालबुंद होतो आणि छाती धडधडते. फेणीचे शौकीन हसत आहेत, पण हे खरे आहे.

रस्त्याकडेला पानात बांधून विकायला ठेवलेली अळमी घेताना पुडी सोडून प्रत्येक अळमे पाहून घ्यावे. आंबूस वासाची, चिकट झालेली, किडकी नकोत. ओळखीचे अळमेही शिळे झाले की बाधते. प्लास्टिकच्या पिशवीत ती दोन तासांत घाम धरतात. कच्ची कधीही खाऊ नयेत. पहिल्यांदाच खाणाऱ्याने थोडीशीच खावीत.

म्हादई, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर या अभयारण्यांतून अळमी काढण्यास मनाई आहे, हे वनखात्याचे अधिकारी सविस्तर सांगतीलच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तेथील वनोपज परवानगीवाचून नेता येत नाही. हा नियम काहींना जाचक वाटतो. पिढ्यान् पिढ्या रानावर जगलेल्यांची तक्रार मी समजू शकतो. परंतु कांब घेऊन येणाऱ्यांची संख्या पाहिली की नियमाची गरजही पटते.

मागील बाजूच्या टेबलावर आज सकाळी आणलेली रोयणीची अळमी बुडासकट मांडली आहेत, आणि शेजारी वेगळ्या कागदावर मैदानातील खवल्याचे छत्र आहे. गावातील जाणत्या भगिनी त्यांतील फरक समजावून देण्यास तेथे उभ्या आहेत. चहा नंतर घेऊ. अळमी आधी पाहून घ्यावीत, दुपारपर्यंत ती काळवंडतात.