रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि लिंगोची गाथा

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, सालेकसा तालुक्यातील दरेकशाच्या अरण्यात कचारगड नावाची एक विशाल गुहा आहे. माघी पौर्णिमेस दूरदूरच्या प्रांतांतून सहस्रावधी गोंड स्त्रीपुरुष तेथे यात्रेस जमतात. आपले आद्य पूर्वज या गुहेत कोंडले गेले होते व पहांदी पारी कुपार लिंगो या धर्मगुरूने त्यांस मुक्त केले, अशी त्यांची श्रद्धा आहे. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गतच होती. तिचा जो जुना व विस्तृत पाठ ग्रंथरूपाने उपलब्ध आहे, तो मात्र एका स्कॉटिश पाद्र्याने जमविलेला आहे. त्याचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजामुळे हे नाव विदर्भात घरोघर ठाऊक आहे. परंतु त्या नावामागील मनुष्य आणि त्याचे लेखन यांचा परिचय फारच थोड्यांस असतो.

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. १८४३ साली स्कॉटलंडच्या धर्मसंस्थेत फूट पडून फ्री चर्च हा नवा पंथ स्थापन झाला. या पंथाचे उपदेशक म्हणून ते हिंदुस्थानात आले आणि १८४५ साली नागपुरास पोहोचले. नागपुरावर त्या वेळी भोसल्यांचे राज्य होते. ते पुढे १८५४ साली खालसा झाले. हिस्लॉप मराठी शिकले, मराठीतून उपदेश करू लागले, आणि १८४६ साली त्यांनी नागपुरात शाळा काढली. त्यांच्या पश्चात, १८८३ साली, त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले.

ज्या धर्मप्रसारासाठी ते सातासमुद्रांपलीकडून आले, त्यात त्यांना फारसे यश लाभले नाही. परंतु या मनुष्यास पाहण्याची व ऐकण्याची विलक्षण हौस होती. गावोगाव हिंडताना वाटेवरचा दगडही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. १८५१ साली आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह फिरावयास गेले असता नागपूरजवळील टाकळी येथे त्यांस जीवाश्म आढळले. गोड्या पाण्यातील शंख आणि वनस्पतींची फळे ज्वालामुखीच्या खडकांच्या दोन थरांमध्ये दगड होऊन राहिली होती. लाव्हारसाचा एक पूर येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत येथे तळी होती, झाडेझुडपे होती, हे त्यावरून सिद्ध झाले. या भूस्तरांवरील उभयतांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात छापला गेला. पुढे एका हिरव्या खनिजास ‘हिस्लोपाइट’ असे नावही मिळाले.

दगडांविषयीची हीच जिज्ञासा माणसांकडे वळली, तेव्हा त्यांचे खरे महत्त्वाचे लेखन जन्मास आले. रानावनांतील गोंड लोकांची भाषा, त्यांची कुळे, देवदेवता, लग्नविधी यांची ते बारकाईने टिपणे करू लागले. गोंडांच्या वंशकथा जतन करण्याचे कार्य परंपरेने प्रधान या गायक जमातीकडे असते. अशाच एका प्रधानाच्या मुखातून लिंगोचे दीर्घगीत लिहून घेण्यात आले. मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत आणि त्यांचा अर्थ इंग्रजीत, अशी ती मांडणी होती.

परंतु ही टिपणे ग्रंथरूपाने पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे प्राचीन शिलावर्तुळे आहेत. मध्य प्रांताचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ती पाहून ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे परतत होते. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची वेळ आणि वाटेत फुगलेला नाला. त्या नाल्यात त्यांचा अंत झाला. वयाची सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चारच दिवस अवकाश होता.

मागे राहिलेले कागद टेंपल यांनी जुळविले, त्यांवर टिपा लिहिल्या आणि १८६६ साली मध्य प्रांतातील आदिम जमातींविषयीचे हे पुस्तक प्रसिद्ध केले. तेवढी तत्परता कोणी दाखविली नसती, तर लिंगोच्या गीताचा तो पाठ कायमचा नष्ट झाला असता.

काय आहे या गीतात? महादेव गोंडांना गुहेत कोंडून तोंडावर प्रचंड शिळा ठेवितो. चौघे भाऊ तेवढे निसटतात. फुलातून जन्मलेला लिंगो त्या भावांना शेती शिकवितो. खोट्या आळावरून तेच भाऊ त्याचा वध करितात; पण अमृताने तो पुन्हा उठतो, आणि ज्यांनी मारिले त्यांच्याच जातभाईंना सोडवावयास निघतो. पुढे नदीला पूर येतो. मगर भावांना पाठीवर घेऊन मध्येच दगा देते. कासव मात्र सर्वांना तारून नेते. म्हणून कासवास इजा करावयाची नाही, अशी शपथ घेतली जाते.

या पाठावर हिंदू पुराणांची छाया आहे, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. कचारगडची आजची कथाही त्याहून निराळी आहे. तीत शिळा हटविताना हिरासुका हा वादक प्राणास मुकतो. शिवाय हिस्लॉप यांची दृष्टी मिशनऱ्याची होती, हेही विसरता येत नाही. तथापि ज्यांचा धर्म बदलावयास ते आले, त्यांचेच धर्मगीत त्यांनी आपल्या मताची भर न घालता शब्दशः टिपून ठेविले. कॅप्टन फोर्साइथ यांनी १८७१ साली त्यास इंग्रजी पद्याचे रूप दिले, आणि १९१६ साली रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी आपल्या ग्रंथात त्याचा आधार घेतला.

हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, खनिज आहे. ज्या प्रधानाने ते सबंध गीत कंठात जपले व परक्या माणसाला ऐकविले, त्याच्या नावाची अशी खूण कोठेही नाही. लिंगोच्या गाथेचे पुस्तक हाती घेणाऱ्याने त्या दोघांचेही ऋण मानिले पाहिजे. आणि आजही खेड्यापाड्यांत जे वृद्ध प्रधान किंगरीवर जुनी गाणी गातात, त्यांच्याजवळ वेळीच वही घेऊन बसले पाहिजे. टाकळघाटच्या नाल्याने शिकविलेला धडा तो हाच होय.