कारखान्यांच्या गावातलं मानसशास्त्र

बारावीचा निकाल लागला की पिंपरी-चिंचवडमध्ये घरोघरी पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. इंजिनिअरिंग, डिप्लोमा, आयटीआय ही उत्तरं इथे तयारच असतात. अशा घरातली मुलगी ‘मला मानसशास्त्र घ्यायचंय’ म्हणाली, की आईवडील बुचकळ्यात पडतात. ‘त्यात नोकरी कुठे मिळते?’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी हा विषय महाविद्यालयात शिकवते, म्हणून आज त्याचं सरळ उत्तर द्यायचं आहे.

आधी शिक्षणाचं. मानसशास्त्रात बी.ए. करता येतं, काही ठिकाणी बी.एस्सी.लाही हा विषय आहे. पण पदवी ही सुरुवात आहे. तेवढ्यावर कुणी समुपदेशक म्हणून दारावर पाटी लावू नये. पुढे दोन वर्षांचं एम.ए. करावं लागतं. त्यात चिकित्सा, समुपदेशन, औद्योगिक अशा वाटा फुटतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर एम.ए.ही पुरत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रशिक्षण घेऊन भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आजवर हे प्रशिक्षण दोन वर्षांच्या एम.फिल.मधून मिळत असे. आता त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. जागा मोजक्याच असतात. शिवाय 2025 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देणं थांबवलं आहे. म्हणून फी भरण्याआधी मान्यता तपासा. कुणाच्या जाहिरातीवर विसंबू नका.

आता नोकरीचं. विद्यार्थ्यांना विचारलं, तर बहुतेकांच्या मनात स्वतःचं क्लिनिक असतं. ते जरूर व्हावं. पण आपण राहतो कुठे, हेही बघायला हवं. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली. पुढे एमआयडीसी आली, टेल्को आली, बजाज आली. 1982 मध्ये महापालिका झाली आणि मग कारखाने चाकणपर्यंत पोचले. तीन पाळ्यांत जगणाऱ्या या पट्ट्यात मानसशास्त्राला काम नाही, असं कसं म्हणता येईल?

भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमधला पॉवर प्रेस डोळ्यांसमोर आणा. त्याला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे हात डायच्या बाहेर राहतात. तरीही बोटं जातात. कारण टार्गेट गाठायच्या घाईत कुणीतरी एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं असतं. कामगाराने ‘डबल’, म्हणजे सलग दुसरी पाळी, केलेली असते, पहाटेचे तीन-चार वाजलेले असतात. आणि नंतर सगळे म्हणतात, ‘त्याचं लक्ष नव्हतं.’

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथेच थांबून विचार करावा. अवधान, थकवा, तोचतोचपणा, झोप हे सगळं आम्ही वर्गात शिकवतो. लक्ष नुसत्या इच्छेवर टिकत नाही. कामाचा वेग, पाळी आणि विश्रांती यांवर ते अवलंबून असतं. म्हणून अशा अपघाताची चौकशी कामगाराच्या बेफिकिरीशी संपत नाही, पाळीच्या तक्त्यापर्यंत जावी लागते.

हा विचार नवा नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1920 च्या दशकात असे अभ्यास झाले. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर अहमदाबादच्या ‘अटिरा’ या कापडउद्योग संशोधन संस्थेत कमला चौधरी यांनी मानसशास्त्राचं काम उभं केलं.

माझ्या थेरगावच्या एका विद्यार्थिनीने वडिलांच्या पाळ्यांवर प्रकल्प केला. वडील कंपनीच्या बसने चाकणला जातात. तिने त्यांना झोपेची डायरी लिहायला लावली. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारची झोप सलग लागतच नव्हती. कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाक, शाळेतून आलेला धाकटा भाऊ, सगळं त्या डायरीत आलं. वडील चिडचिडे का होतात, हे घराला पहिल्यांदा उमगलं. आता तिला औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. करायचं आहे. लातूर-बीडकडून येऊन महाळुंगे-खराबवाडीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या ट्रेनी मुलांच्या एकटेपणाचा अभ्यास करायचं तिच्या मनात आहे. घर दूर, नोकरी कंत्राटी, खोलीतला सोबती दुसऱ्या पाळीला. या मुलांशी बोलणार कोण?

1948 च्या कारखाने कायद्याने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. लहान वर्कशॉपं त्यातून सुटली, आणि कामगारांच्या मनाची काळजी ही वेगळी जबाबदारी म्हणून त्या कायद्यात लिहिली गेली नाही.

म्हणून उद्योजकांना माझी विनंती आहे : एम.ए.च्या विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून आत घ्या. त्यांना पाळ्यांचे तक्ते दाखवा, कामगारांशी बोलू द्या. चार-पाच लहान वर्कशॉपं मिळून एक समुपदेशक नेमू शकतात. कामगार जे बोलेल ते गुप्त राहील, एवढी हमी मात्र द्या, नाहीतर कुणीच बोलणार नाही. ज्यांना आजच आधार हवा आहे, त्यांच्यासाठी 14416 ही सरकारची टेली-मानस सेवा मोफत आहे.

आणि पालकांनो, तुमच्या मुलीला लगेच मोठा पगार मिळेल असं मी सांगणार नाही. हे शिक्षण लांबचं आहे, सुरुवातीची कमाई बेताची असते. पण तिच्या शिक्षणाची गरज तुमच्या स्वतःच्या कंपनीत आहे. तिला शिकू द्या, आणि युनियनच्या पुढच्या बैठकीत समुपदेशकाची मागणी तुम्हीच मांडा.