मुलचेऱ्याच्या घरात प्रीअँप्लिफायर-ट्यूनर: कोणतं बटण कधी?

मुलचेरा, अहेरी, आष्टी, घोट, आलापल्ली अशा शहरापासून लांबच्या गावांतही आता घराघरात गाणी ऐकण्याची चांगली यंत्रं दिसू लागली आहेत. कुणाला शहरातल्या भावानं त्याचा जुना सेट दिलेला असतो, तर कुणी निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेला असतो. सेट उत्तम असतो, पण समोरच्या पट्टीवर दहा-पंधरा बटणं आणि घुंड्या असतात. एक आवाजाची घुंडी सोडली तर बाकीच्यांना हात लावायची भीती वाटते. ती भीती जावी म्हणून आजचं हे भाषण.

आधी हे यंत्र करतं काय, ते पाहू. यातला ट्यूनर हवेतून आलेली रेडिओलहर पकडून तिच्यातला ध्वनी वेगळा काढतो. प्रीअँप्लिफायर त्या नाजूक ध्वनीची निवड करतो, त्याला आकार देतो आणि पुढे पाठवतो. स्पीकर हलवण्याइतकी ताकद मात्र त्याच्यात नसते. ते काम वेगळ्या पॉवर अँप्लिफायरचं. म्हणून स्पीकरच्या तारा थेट या डब्याला कधीही जोडू नका.

आता मुख्य गोष्ट. आवाज बिघडला की आपला हात पहिल्यांदा बास आणि ट्रेबलकडे जातो. खरं तर त्यांची पाळी शेवटी यायला हवी. लहर अँटेनात शिरते, मग ट्यूनर, मग निवडीची घुंडी, मग बास-ट्रेबल आणि शेवटी आवाजाची घुंडी. आपणही याच क्रमानं जायचं. लहरच कमजोर असेल तर ट्रेबल वाढवून फक्त खरखर वाढते.

म्हणून पहिल्यांदा अँटेना. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोंगर, दाट झाडी आणि अंतर यांनी त्या दुबळ्या होतात. चपराळ्याच्या जंगलाच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आकाशवाणी चंद्रपूर 103 मेगाहर्ट्झवर आहे. या लहरीची लांबी सुमारे 2.9 मीटर भरते. तिच्यासाठी घरच्या घरी अँटेना करता येतो. प्रत्येकी 70 सेंटिमीटर लांबीच्या दोन तारा किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या घ्या. त्या एका सरळ रेषेत आडव्या बसवा आणि मध्ये बोटभर फट ठेवा. टीव्हीच्या गोल केबलची आतली तार एका नळीला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या नळीला जोडा. केबलचं दुसरं टोक ट्यूनरच्या मागे 75 ओहम लिहिलेल्या जागी लावा.

हा अँटेना छपराच्या वर, जितका उंच नेता येईल तितका न्या. चंद्रपूर मुलचेऱ्याच्या पश्चिमेला, थोडं उत्तरेकडे झुकून आहे. त्यामुळे नळ्या ढोबळमानानं दक्षिणोत्तर ठेवल्या की अँटेनाचं तोंड चंद्रपूरकडे होतं. मग घरातल्या एकानं अँटेना हळूहळू फिरवावा आणि दुसऱ्यानं सेटवरचा सिग्नलचा काटा पाहावा. जिथे काटा सर्वांत वर जाईल, तिथे पक्का करावा.

आता समोरच्या पट्टीकडे येऊ. निवडीची घुंडी एफएमवर आणा. ट्यूनिंगची घुंडी फिरवून काटा 103 जवळ न्या. काही सेटवर दोन मीटर असतात. एक सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतो. दुसऱ्याच्या मध्यावर खूण असते, आणि काटा त्या खुणेवर आला की आपण स्टेशनच्या बरोबर मध्यावर असतो. दोन्ही असतील तर शेवटचं बारीक जुळवणं मध्याच्या खुणेवर करा. स्टेशनच्या कडेला थांबलं की बोलण्यातला 'स' आणि 'श' फाटतो.

यानंतरची दोन बटणं आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची आहेत. पहिलं म्यूटिंग. दोन स्टेशनांच्या मधली खरखर ऐकू येऊ नये म्हणून हे बटण दिलेलं असतं. ठरावीक ताकदीपेक्षा कमजोर लहर आली की ते आवाज पूर्ण बंद करतं. मोठ्या शहरात ही सोय आहे. मुलचेऱ्यात मात्र ते दाबलेलं राहिलं तर लांबचं स्टेशन ऐकूच येत नाही आणि सेट बिघडला असं वाटतं. म्हणून आपल्याकडे म्यूटिंग बंदच ठेवा.

दुसरं मोनो. स्टिरिओ प्रक्षेपणात दोन्ही बाजूंची बेरीज आणि त्यांच्यातला फरक असे दोन भाग एकत्र पाठवतात. सोबत 19 किलोहर्ट्झचा एक बारीक खुणेचा स्वर असतो. तो मिळाला की ट्यूनरवरचा स्टिरिओचा लाल दिवा लागतो. पण फरकाचा भाग वरच्या कंपनसंख्येवर, 38 किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आणि एफएममध्ये जितकं वर जावं तितकी खरखर वाढते. त्यामुळे त्याच कमजोर लहरीवर स्टिरिओची खरखर मोनोपेक्षा वीस डेसिबलांहून जास्त असू शकते. लाल दिवा दिसला की आपल्याला बरं वाटतं, पण कानावर मात्र सतत 'स्स' येत राहतो. मोनोचं बटण दाबा, खरखर एकदम खाली बसेल. बातम्या, शेतीविषयक सल्ला, मुलाखत, भाषण यांत मोनोमुळे काहीही कमी होत नाही. बोलणाऱ्याचा शब्द स्वच्छ कळणं महत्त्वाचं. हे भाषण तुम्ही अशा सेटवर ऐकत असाल, तर आत्ताच मोनो दाबून पाहा आणि मग सोडून पाहा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

मध्यम लहरींचं गणित वेगळं. नागपूर केंद्र 1948 मध्ये सुरू झालं, आणि विदर्भातल्या कित्येक घरांत रेडिओ म्हणजे मध्यम लहरींवरचं नागपूर असंच समीकरण होतं. नागपूरची 585 किलोहर्ट्झची लहर पाचशे मीटरहून लांब असते. ती जमिनीला धरून दूरवर जाते, झाडीला फारशी जुमानत नाही. सूर्य मावळल्यावर वातावरणाच्या वरच्या थरातला लहरी शोषून घेणारा भाग विरळ होतो. मग दूरदूरची स्टेशनं वरून परावर्तित होऊन येतात आणि एकमेकांत मिसळतात. रात्री मध्यम लहरींवर दोन स्टेशनं एकत्र ऐकू आली तर सेटमध्ये दोष शोधू नका.

मध्यम लहरींवर घूं-घूं किंवा टर्र असा आवाज येत असेल, तर घरातला मोबाईलचा चार्जर, एलईडी दिवा आणि सोलरचा इन्व्हर्टर एकेक करून बंद करून पाहा. बहुतेक वेळा यांपैकीच एखादं कारण असतं. सेटच्या मागे मध्यम लहरींची काळी दांडी असते. ती थोडी फिरवली तरी आवाज सुधारतो, कारण ती ठरावीक दिशेनं आलेली लहर जास्त चांगली पकडते.

आता अशा एका बटणाविषयी, ज्याच्यामुळे चांगले सेट विनाकारण दुरुस्तीला जातात. त्यावर 'टेप मॉनिटर' लिहिलेलं असतं. जुन्या काळी कॅसेट भरताना भरलेला आवाज कसा आलाय ते लगेच ऐकता यावं, यासाठी ते दिलेलं होतं. ते दाबलं की प्रीअँप्लिफायर ट्यूनरकडे लक्ष देत नाही, टेपकडून आवाज येण्याची वाट पाहत राहतो. टेप जोडलेलाच नसेल तर पूर्ण शांतता. दिवे लागलेले, मीटर हलतोय, स्टेशन पकडलेलं आणि आवाज मात्र नाही, असं झालं की सगळ्यात आधी हे बटण पाहा. सेट पुसताना चुकून ते दाबलं जातं.

आता बॅलन्स. दोन्ही स्पीकरांचा आवाज समान ठेवणारी ही घुंडी. मोनो दाबा, निवेदकाचा आवाज लावा आणि दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसा. आवाज बरोबर मधोमध, जणू तिथे माणूस बसला आहे असा आला पाहिजे. तो एका बाजूला कललेला वाटला तरच घुंडी हलवा.

मग बास आणि ट्रेबल. दोन्ही घुंड्यांची खूण बारा वाजल्यासारखी सरळ वर ठेवा. या जागी ध्वनी जसा आला तसाच पुढे जातो. 1952 साली पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज अभियंत्यानं मांडलेली रचना जगभरातल्या असंख्य सेटमध्ये आहे. तिच्यामुळे जाड आणि बारीक स्वर वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. या घुंड्या जुळवण्यासाठी ढोल-ताशाचं गाणं लावू नका. माणसाचं बोलणं लावा. निवेदकाचा आवाज पिंपात बोलल्यासारखा वाटला तर बास थोडा कमी करा. 'च', 'स', 'श' टोचू लागले तर ट्रेबल थोडा कमी करा. बोलणं खरं वाटू लागलं की दंडारीतलं गाणं, माडिया रेला किंवा बंगाली कीर्तन, सगळंच नीट ऐकू येतं.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. बास दहा डेसिबल वाढवला की त्या जाड स्वरांसाठी पॉवर अँप्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते. लग्नात किंवा गणपतीत घुंडी शेवटपर्यंत नेली की अँप्लिफायरची ताकद संपते, आवाज फाटतो आणि बहुधा पहिला जळतो तो बारीक स्वरांचा छोटा स्पीकर. आवाज फाटला की लगेच घुंडी मागे घ्या.

लाउडनेसचं बटण कमी आवाजासाठी आहे. कमी आवाजात आपल्या कानाला जाड स्वर कमी ऐकू येतात, हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं. रात्री घरचे झोपलेले असताना हळू आवाजात ऐकायचं असेल तर लाउडनेस दाबा. आवाज वाढवला की काढून टाका.

आता आपल्याकडची लाइन. ती कधी जाईल सांगता येत नाही. चालू करताना आवाजाची घुंडी शून्यावर ठेवा, आधी प्रीअँप्लिफायर लावा आणि मग पॉवर अँप्लिफायर. बंद करताना याच्या उलट. लाइन गेली की लगेच पॉवर अँप्लिफायरचं बटण बंद करा. वीज परत आली की थोडं थांबा आणि मग पुन्हा त्याच क्रमानं चालू करा. यानं स्पीकरला बसणारा 'धप्' असा धक्का टळतो.

पावसाळ्यात ढग दाटून आले की अँटेनाची केबल आणि विजेचा प्लग दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. ते मोबाईलमध्ये ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर अँटेना काढायला छपरावर मुळीच चढू नका. सेट पुन्हा घेता येतो.

दमट हवेत घुंड्या करकरू लागतात. सेट बंद करून, प्लग काढून, ती घुंडी वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बहुतेक वेळा एवढ्यानंच काम होतं. रॉकेल किंवा खोबरेल तेल आत सोडू नका. त्यात धूळ चिकटते आणि भाग कायमचा खराब होतो. सेटच्या वरच्या फटींवर कापड किंवा फोटोची चौकट ठेवू नका. आतल्या भागांना हवा लागते.

श्रोतेहो, एका कागदावर क्रम लिहून सेटजवळ लावा: अँटेना, ट्यूनिंग, म्यूटिंग बंद, मोनो, टेप मॉनिटर बंद, बॅलन्स, बास-ट्रेबल सरळ, आवाज शेवटी. घरातल्या मुलामुलींना हा क्रम स्वतःच्या हातानं करू द्या. बातमी, हवामानाचा अंदाज आणि पिकाचा सल्ला शहरात जितका स्वच्छ ऐकू येतो, तितकाच तो मुलचेऱ्याच्या घरातही ऐकू यायला हवा. त्यासाठी नवा सेट लागत नाही. घरात आहे त्या सेटचं प्रत्येक बटण आपल्याला कळलं, तर तेवढ्यावर ते होऊ शकतं.