हप्ता सायकलीचा, सही जामिनाची

(खोपोली येथे कामगारांच्या एका पतसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



अहवालवाचन झाले, ताळेबंद मंजूर झाला, लाभांशही जाहीर झाला. म्हणजे ज्यासाठी आपण आलात ते सारे पार पडले आहे आणि आता केवळ वक्ता आणि चहा एवढेच शिल्लक आहे. आपल्या सचिवांनी मला ‘बचतीचे महत्त्व’ हा विषय दिला होता. परंतु ज्यांच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते, त्यांना पत्रकाराने बचत शिकवावी हे काही शोभणारे नाही. म्हणून मी आपली परवानगी गृहीत धरून एका सायकलीविषयी बोलणार आहे.

माझे वडील येथल्याच एका कारखान्यात फिटर होते. घर साजगावच्या बाजूला. बोंबल्या विठोबाच्या यात्रेमुळे ते गाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या पाळीला भोंगा होण्याआधी पोहोचायचे तर पहाटे अंधारात निघावे लागे. तिसरी पाळी करून माणूस परत येई तेव्हा पाय आणि डोळे दोन्ही जड झालेले असत. १९७८ साली त्यांनी कारखान्याच्या पतपेढीकडे सायकलीसाठी अर्ज केला. वीस रुपयांचे वीस हप्ते, पगारातून परस्पर कपात. काळी, चोवीस इंची, मागे कॅरियर, पुढे डायनॅमोचा दिवा असलेली ती सायकल घरी आली, तेव्हा आईने तिला ओवाळले. पुढे प्रत्येक दसऱ्याला घरातल्या पोथ्या, वडिलांचे पाने-पक्कड आणि ती सायकल यांची पूजा एकाच पाटाजवळ होत असे.

त्या कर्जाच्या अर्जावर दोन जामीनदारांच्या सह्या होत्या. एक वडिलांच्याच खात्यातले, माळकरी. दुसरे बॉयलरवरचे, जे वडिलांशी युनियनच्या प्रत्येक प्रश्नावर वाद घालीत. पुढच्याच पावसाळ्यात वडिलांना कावीळ झाली. रजा संपली, बिनपगारी सुरू झाली. पगारच नाही तर कपात कशातून होणार? तीन हप्ते थकले आणि नियमाप्रमाणे ते जामीनदारांच्या पगारातून कापले गेले. दोघांपैकी एकानेही घरी येऊन त्याचा उच्चार केला नाही. उलट बॉयलरवरचे गृहस्थ उसाचा रस घेऊन आले आणि बिछान्याशेजारी बसून पुन्हा युनियनवरच भांडले!

वडील कामावर रुजू झाले आणि पहिल्या पगारातच दोघांचे पैसे घेऊन गेले. त्या दोघांनी ते मोजून घेतले. लहानपणी मला वाटे की त्यांनी ‘राहू द्या’ म्हणायला हवे होते. आज वाटते, त्यांनी घेतले हेच बरोबर केले. दान दिले असते तर वडील खाली पाहून चालले असते. परतफेड स्वीकारली म्हणून ते ताठ मानेने सायकलीवर बसू शकले. दया आणि सहकार यांतला भेद मला एवढ्या एका प्रसंगाने कळला.

मित्रहो, पगारातून होणारी ही कपात आपल्याला आज किरकोळ बाब वाटते. पगाराच्या चिठ्ठीवरचा एक रकाना. परंतु त्या रकान्यामागे मोठा इतिहास आहे. १९३१ साली व्हिटली आयोगाने हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीविषयी अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत कामगार कुटुंबांपैकी किमान दोनतृतीयांश कर्जबाजारी असल्याचे त्यात नमूद आहे. पगाराच्या दिवशी सावकार गिरणीच्या दारातच उभा असे आणि पाकीट घरी पोहोचण्याआधी रिकामे होई. मालकही दंडाच्या नावाखाली हवी तशी कपात करीत. म्हणून १९३६ साली वेतन अदायगीचा कायदा झाला आणि कोणती कपात करता येईल, कोणती नाही, हे ठरले. सहकारी संस्थेचे देणे हे मान्य कपातींत होते. पुढे तो कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला, आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक असू नये, असे ती संहिता सांगते.

आपल्या महाराष्ट्राने त्याच्याही पुढे पाऊल टाकले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम ४९ संचालकांना पाठ असेलच. सभासदाने संस्थेला तसा करार लिहून दिला, की संस्थेच्या लेखी मागणीवरून मालकाने पगारातून हप्ता कापून संस्थेकडे भरलाच पाहिजे. मालकाने कापला नाही, किंवा कापून भरला नाही, तर ती रक्कम त्याच्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. म्हणजे एका फिटरच्या वीस रुपयांच्या हप्त्यामागे राज्याचा कायदा उभा होता. सावकार गिरणीच्या दारात उभा होता, पतपेढी हिशेबाच्या वहीत शिरली. हे परिवर्तन कोणत्याही क्रांतीच्या घोषणेवाचून झाले.

आता थोडे बाहेर पाहू. ब्रिटनमध्ये १९९९ सालापासून अशी योजना आहे की, कंपनी सायकल विकत घेते, ती कर्मचाऱ्याला वापरायला देते आणि कर्मचारी त्या बदल्यात आपल्या पगाराचा काही भाग सोडतो. तो भाग कर बसण्यापूर्वीच वजा होत असल्यामुळे करही वाचतो. अट एवढीच की, सायकल मुख्यतः कामावर जाण्यायेण्यासाठी वापरावी. या पद्धतीला त्यांनी दिलेले नाव मला मोठे गमतीचे वाटते. ते तिला ‘वेतनत्याग’ म्हणतात. स्वतःच्या सायकलीसाठी स्वतःचे पैसे, त्यावर करात सवलत, आणि नाव त्याग! ज्या देशात दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्याची कथा लहान मुलांना सांगतात, तेथे हा शब्द इतक्या स्वस्तात जात नाही.

पण केवळ हसून सोडून देऊ नये. तिथल्या सरकारला वाटले की, माणूस सायकलीवर कामाला गेला तर राष्ट्राचा लाभ आहे, म्हणून त्यांनी करात जागा केली. आपल्या आयकराच्या नियमांत कंपनीने दिलेल्या मोटारगाडीचे मूल्य कसे धरावे याचा तपशील आहे, परंतु सायकलीसाठी अशी योजना नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पूर्वी सायकलीसाठी बिनव्याजी अग्रिम मिळे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली तोही बंद झाला. ३ जून हा जागतिक सायकल दिन. २०२० साली नेमक्या त्याच दिवशी ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना थांबला. एके काळी लग्नात जावयाला देण्याची वस्तू बनवणारी ती स्वदेशी कंपनी. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. दार थोडे उघडले आहे.

आणि आता आपल्या खोपोलीकडे येऊ. १९१५ साली वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथे अडवलेले पाणी घाट उतरून आले आणि टाटांच्या जलविद्युत केंद्राने मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पुढे पोलाद आले, कागद आला, रसायने आली. कारखान्यांच्या दारात सायकलींच्या रांगा लागल्या. आज मी येताना एका कारखान्याची ती जुनी शेड पाहिली. तिथे मोटारसायकली उभ्या होत्या. त्याचे मला वाईट वाटले नाही. कामगाराची प्रगती झाली, त्याने दोन पैसे अधिक मिळवले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. सायकल ही गरिबीची खूण म्हणून कुणाच्या माथी मारावी असे मी म्हणणार नाही.

परंतु त्या शेडच्या पलीकडून, रस्त्याच्या कडेने, डबा हातात घेऊन पायी चालणारी माणसे मी पाहिली. पाळी सुटली होती. त्यांच्या अंगावर तोच गणवेश होता, फक्त पाठीवर नाव कंपनीचे नव्हते, कंत्राटदाराचे होते. कुणी ठाकरवाडीतला, कुणी कातकरी, कुणी बिहार-ओरिसातून आलेला आणि चाळीत चौघांत राहणारा. १९७८ साली माझे वडील जिथे होते, तिथेच आज हा माणूस आहे. एकच फरक आहे. वडिलांजवळ पगाराची चिठ्ठी होती आणि सही करणारे दोघे होते. याच्याजवळ दोन्ही नाहीत.

त्याला कर्ज मिळत नाही असे नाही. मोबाईलवर दोन मिनिटांत मिळते. गावी जायला, आजारपणाला, मोबाईललाच. त्यावरचे व्याज त्याला कळत नाही आणि वसुलीचा फोन बायकोच्या, भावाच्या नंबरवर येतो. गिरणीच्या दारातला सावकार गेला असे आपण समजत होतो. तो गेला नाही, आता खिशात येऊन बसला आहे.

म्हणून आजच्या या मेळाव्यापुढे माझी एक विनंती आहे. आपल्या संस्थेने कंत्राटी कामगारांसाठी सायकल कर्ज सुरू करावे. साधी, मजबूत सायकल आज सहा-सात हजारांत येते. बारा-पंधरा हप्त्यांत ती फिटते. अडचणी मला ठाऊक आहेत. उपविधींत दुरुस्ती लागेल, निबंधकांची मान्यता लागेल. कंत्राट संपले, माणूस गेला, तर हप्ता कोण कापणार, हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी कंत्राटदाराकडून लेखी हमी घ्यावी, व्यवस्थापनाने मध्यस्थी करावी. कंत्राटदाराने वेतन थकवले तर मुख्य मालकावर जबाबदारी येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच घालून दिले होते. आणि एवढे करूनही जी जोखीम उरेल, तिच्यासाठी आपल्यासारख्या कायम कामगाराची सही लागेल.

याबरोबर नगरपरिषदेकडेही आपण गेले पाहिजे. द्रुतगती मार्गावर सायकलीला बंदी आहे, ते योग्यच आहे. पण त्यामुळे जुना महामार्ग आणि पेणचा रस्ता एवढेच उरतात, आणि तेथे टँकर-ट्रेलरच्या शेजारून अंधारात जायचे म्हणजे जीव मुठीत धरणे. कडेला पांढरा पट्टा आणि जागा, बंद पडलेले दिवे सुरू, रेल्वे स्थानकाबाहेर कुलूप लावता येईल असा स्टँड, एवढे मागणे अवाजवी नाही. संस्थेने प्रत्येक सायकलीला मागे चमकणारी पट्टी आणि दिवा सक्तीचा करावा. कर्ज दिले आणि माणूस गमावला, असे होता कामा नये.

माननीय दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण ही त्या संघटनेची त्रिसूत्री. श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण म्हणजे काय, असे मला तरुणपणी अनेकदा वाटे. आज मला त्याचा अर्थ साधा वाटतो. कायम कामगाराला शेजारचा कंत्राटी कामगार आपला वाटणे. सहकार भारतीचे कार्यकर्ते संस्काराविना सहकार नाही असे म्हणतात, त्याचाही अर्थ याहून वेगळा नसावा. लक्ष्मणराव इनामदार यांच्यासारख्या प्रचारकांनी सहकाराकडे पाहिले ते माणूस जोडण्याचे साधन म्हणून. आपल्यापैकी अनेकांच्या घरी संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून, पायातल्या चपला ओळीत ठेवून जेवायला बसणारा प्रचारक येऊन गेला आहे. तो आपल्या जातीची, गावाची, खात्याची चौकशी करीत नसे.

वेतनत्याग हा शब्द मी मघाशी हसण्यावारी नेला. आता तो परत घेतो. हप्ता भरणाऱ्याचा त्यात त्याग नाही, कारण तो आपली वस्तू घेतो. पण जो दुसऱ्याच्या हप्त्याखाली सही करतो, आणि वेळ आली तर स्वतःच्या पगारातले तीन हप्ते मुकाट्याने कापू देतो, त्याने वेतनाचा त्याग केलेला असतो. माझ्या घरात असे दोघेजण मला लहानपणीच पाहायला मिळाले. ते दोघेही आज हयात नाहीत. सायकल मात्र आहे. गंज चढला आहे, चेन बदलली आहे, डायनॅमो चालत नाही.

येत्या दसऱ्याला आपल्या शेडमध्ये मोटारसायकलींच्या ओळीत पाच-दहा नव्या सायकली झेंडूची माळ घालून उभ्या असाव्यात, आणि त्यांच्या अर्जांवर जामीनदार म्हणून आपणांपैकी कुणाची तरी नावे असावीत, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो. चहा थंड होतो आहे, त्याची जाणीव ठेवून थांबतो.